पाटी शेवटी वाचावी

एकदा एक शिष्या होती. कोणतीही गिटार हाती आली की ती आधी उलटी करून तिच्या पाठीवरचा आकडा वाचायचा, ही तिची खोड. आणि तिचे गुरू दर वेळी समोरून तेच दोन शब्द बोलत, "पाटी शेवटी."

हे गुरू म्हणजे वाद्यांच्या गल्लीत अगदी टोकाच्या दुकानात बसणारे एक वृद्ध पारखी. सतारी-तंबोऱ्यांच्या त्या गल्लीत विजेवर वाजणारी गिटार उघडून पाहणारे ते एकटेच. तरुणपणी बंदरावर उतरणाऱ्या परदेशी खलाशांची वाद्ये दुरुस्त करता करता ही विद्या त्यांच्या हाती आली होती. एखादी जुनी गिटार खरोखर किती जुनी, तिचे कोणते अवयव जन्माचे आणि कोणते मागाहून जोडलेले, हे ते सांगत. त्यांच्या हातच्या चार ओळींच्या चिठ्ठीवर दूरदूरचे व्यापारी विसंबून राहत. गल्लीतले लोक थट्टेने म्हणत, "आजोबा गिटारची पत्रिका मांडतात, फक्त लग्नाचा योग सांगत नाहीत."

त्यावर आजोबा म्हणत, "लग्न लागलेलं असतं म्हणूनच ती माझ्याकडे येते. कुणाची मान कुणाच्या धडाला बांधलीय, तेवढं मी बघतो."

पाटी म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. गिटारची मान जिथे धडाला जोडलेली असते, तिथे मागच्या बाजूने तळहातात मावेल एवढा धातूचा चौकोनी पत्रा बसवलेला असतो. त्यावर आकडा ठोकलेला आणि चार कोपऱ्यांना चार स्क्रू. नवख्या माणसाला वाटते, आकडा वाचला की वय कळले. गुरू सांगत, "कारखान्यात या पाट्या पेटीत भरलेल्या असायच्या. कामगार पेटीत हात घालायचा, हाताला लागेल ती बसवायचा. म्हणून आकडा लहान तर गिटार थोरली, असं मुळीच नाही. शिवाय चार स्क्रू काढले की पाटी या पाठीवरून त्या पाठीवर. जी वस्तू सहज निघते तिची साक्ष शेवटी घ्यावी."

मग साक्ष कोणाची घ्यायची? तर आधी बोटांनी झिजवलेल्या लाकडाची. मग रंगाची, झाकणाखाली उन्हापासून लपून राहिलेल्या मूळ रंगाची. मग मान सोडवून तिच्या टाचेवर उमटवलेल्या तारखेची. आणि आवाज कमीजास्त करणारे बटण असते ना, त्याच्या खाली एक लहानशी गोल डबी असते. तिच्या पाठीवर बारीक अंक असतात. आधी बनवणाऱ्याचा, मग सालाचा, मग आठवड्याचा. डबीला जोडलेल्या तारांचे सोल्डर कुणी हलवले नसेल, तर ती डबी गिटारच्या जन्मापासूनची. "ही डबी एकच गोष्ट सांगते," गुरू म्हणत, "ही गिटार या सालाच्या आधीची नाही. त्यापुढचं ती काही सांगत नाही. आपणही सांगू नये."

शिष्येला हे सारे सहा वर्षांत तोंडपाठ झाले होते. तरी हात आधी पाटीकडेच जाई. याचे कारण तिने गुरूंना कधी सांगितले नव्हते.

कारण असे होते, की तिला एक थोरला भाऊ होता. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. एका खलाशाकडून घेतलेली ती गिटार म्हणजे त्याचा जीव की प्राण. सत्तर साली एका गावचा कार्यक्रम आटोपून मंडळी परत येत होती. मधल्या एका स्टेशनवर तो गिटार खांद्याला अडकवून चहाला उतरला, तो उतरलाच. गाडी सुटली. त्यानंतर ना तो दिसला, ना गिटार. शिष्या तेव्हा बारा वर्षांची होती.

आई देवापुढे उभी राहिली. बायका नवसाला साखर सोडतात, भात सोडतात, पायांत चपला घालायच्या सोडतात. या माउलीने त्याचे नाव सोडले. तो उंबरा ओलांडून आत येईपर्यंत त्याचे नाव तोंडातून काढणार नाही, असे ती बोलून बसली. बोलली खरी, पण मग देवाजवळ मागायचे तरी कुणासाठी? नावाशिवाय हाक कशी मारायची? कॅलेंडरच्या मागे मुलाच्या अक्षरातली एक ओळ होती. 'आई, गिटार हरवली तर पोलिसांना हा नंबर सांगायचा. ९३४१७.' माउलीने तो आकडाच धरला. रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की शुभंकरोती झाल्यावर हात जोडून ती म्हणे, "नऊ, तीन, चार, एक, सात." बावीस वर्षे. एखादे स्तोत्र म्हणावे तसे.

आता तिची दृष्टी गेली होती. अंगात त्राण नव्हते. या दसऱ्यापर्यंत ती राहील असे डॉक्टरही छातीवर हात ठेवून सांगत नव्हते.

अशा दिवसांत एके सकाळी एक व्यापारी दुकानाची पायरी चढला. हातात लांबट काळी पेटी, चेहऱ्यावर हसू.

"आजोबा, आज तुमच्यासाठी दागिना आणलाय. त्रेसष्टची आहे. पाटीच सांगते. तुम्ही फक्त चिठ्ठी लिहा, मी चहा सांगतो."

"चहा सांगा. चिठ्ठीचं बघू."

"बघायचं काय त्यात! तुमचं म्हणजे नवरी दारात उभी आणि तुम्ही अजून गोत्र विचारताय."

शिष्येने सवयीप्रमाणे गिटार उलटी केली. आणि तिचे हात थांबले.

९३४१७.

तिने पुन्हा वाचले. मग डोळे मिटून बोट फिरवले. आकड्यांच्या खोबणीत काहीतरी लालसर, काळपट साचले होते. नखाने खरवडून तिने ते जिभेला लावले, वास घेतला. कुंकू होते. आई दर दसऱ्याला त्या गिटारची पूजा करायची. पुढून हळद, पाठीवर कुंकू, आणि माथ्यावर, जिथे तारांच्या खुंट्या असतात तिथे, तारांखाली खोचलेली उदबत्ती. ती उदबत्ती शेवटपर्यंत जळायची आणि लाकडाला चटका द्यायची. भाऊ ओरडायचा, "आई, अगं जळतंय ते! परदेशी माल आहे!" आई म्हणायची, "जळू दे. परदेशी असली तरी आपल्या घरात आलीय ना? मग देवाची खूण नको?" सात दसरे तो चटका एकाच जागी बसत गेला होता, आणि तिथे एक खळगा पडला होता.

"कुठे मिळाली?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"लॉटमध्ये आली हो ताई. एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचं सामान भंगारवाल्यानं घेतलं होतं, त्यानं दुसऱ्याला दिलं, त्यानं मला. का, तुमच्या ओळखीची आहे की काय?" तो हसला.

ती हसली नाही. "गुरुजी, मी जरा घरी जाऊन येते."

"बस," गुरू म्हणाले.

"गुरुजी, मला आत्ता..."

"आधी सगळं वाच. पाटी शेवटी."

सहा वर्षांत प्रथमच तिला त्या दोन शब्दांचा राग आला. पण हात शिकलेले होते. तिने गिटार सुलटी केली.

माथ्यावर डाग नव्हता. लाकूड गुळगुळीत होते. तिला वाटले, कुणीतरी घासून काढला असेल. पण मूळचे वार्निश जसेच्या तसे होते, घासलेले नव्हते. तिने झाकण काढले. आतला रंग भावाच्या गिटारचा नव्हता, कधीच नसावा. तिने मान सोडवली, टाचेवरची तारीख वाचली, आणि शेवटी ती लहान डबी उजेडात धरली. सोल्डर कुणी स्पर्शही न केलेले. अंक स्पष्ट. त्र्याहत्तर साल, बत्तिसावा आठवडा. टाचेवरची तारीखही त्याच वर्षाची.

सत्तर साली भाऊ ज्या दिवशी स्टेशनवर उतरला, त्या दिवशी ही गिटार जगात नव्हतीच.

म्हणजे पाटी तेवढी त्याची होती. कुणीतरी त्याची गिटार उघडली होती. मान एकीकडे, धड एकीकडे, डब्या एकीकडे. आणि किंमत वाढावी म्हणून ती जुनी पाटी या नव्या पाठीवर चढवली होती. जो माणूस ती गिटार कुणाला हातात धरू देत नसे, तो हे होऊ देईल? तो असता तर?

तिने हे मनातसुद्धा पुरते उच्चारले नाही. मान पुन्हा बसवली, तारा जागच्या जागी ठेवल्या, हत्यारे ओळीत लावली.

"काय झालं?" व्यापाऱ्याने विचारले. "त्रेसष्ट ना?"

"गिटार त्र्याहत्तरची. त्याच्या आधीची नाही," तिच्या खांद्यावरून सारे वाचलेले गुरू म्हणाले. "पाटी दुसरीची."

"अहो, पाटी जुनी आहे ना? मग झालं! वाचणारा पाटीच वाचणार."

"मग त्याच्याकडून चिठ्ठी घ्या."

व्यापारी थोडा वेळ गुरगुरला. पण तो या म्हाताऱ्याला ओळखून होता. गुरूंनी त्याला सांगितले, की परकी पाटी काढून टाका, म्हणजे मी त्र्याहत्तरची म्हणून स्वच्छ चिठ्ठी लिहून देतो. त्याने हात झटकले. "काढा. चार स्क्रूंचा पत्रा तो. तुम्हीच घ्या. चिठ्ठी आणि गिटार न्यायला मी संध्याकाळी येतो." आणि अर्धा चहा तसाच टाकून तो पायरी उतरला.

गुरूंनी पाटी काढली आणि शिष्येसमोर ठेवली. "ही शोधायला आली होतीस ना माझ्याकडे?"

तिने मान वर केली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"सहा वर्षं तू प्रत्येक गिटारच्या पाठीवर एकच प्रश्न विचारतेस. मी आंधळा नाही."

तेव्हा तिने सगळे सांगितले. भावाचे, आकड्याचे, आईच्या नवसाचे. आणि सांगता सांगता तिच्या मनात एक विचार आला, आणि तो आल्याबरोबर तिने त्याला घट्ट धरले. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, तसे.

"गुरुजी, आईला दिसत नाही. ती बोटांनी चाचपते. ही पाटी परत बसवते. आकडा तिला लागेल. माथ्यावर एक डाग दिला की झालं. फक्त एक डाग. व्यापाऱ्याला मी गिटारचे पैसे देईन, काहीही विकून देईन. ती आता किती दिवसांची सोबती आहे हो! तिच्या मांडीवर ही ठेवीन आणि म्हणेन, तुझ्या मुलानं पाठवलीय. ती सुखानं डोळे मिटेल."

आता हे लक्षात घ्यावे, की या गुरूंनी एका कारागिराला याच कारणाने पायरीवरून उतरवले होते. त्याने नव्या लाकडाला चहाचे पाणी लावून ते जुने भासवले होते. शिष्येला वाटले, आता तेच आपल्या वाट्याला येणार. तरी ती हात जोडून बसली.

गुरू उठले. कोनाड्यात गणपतीची तसबीर होती. तिच्यापुढची उदबत्ती त्यांनी पेटवली, निखारा लाल होईपर्यंत फुंकर घातली आणि ती शिष्येच्या हातात दिली. गिटारचा माथा तिच्यापुढे सरकवला.

"कर," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. ते चेष्टा करत नव्हते. तिने निखारा लाकडाजवळ नेला. वार्निशचा कडवट वास सुटू लागला.

"कोणत्या तारेखाली होता डाग?" गुरूंनी विचारले.

"तिसऱ्या... तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे."

"लांबट की गोल?"

"लांबट. बहुतेक."

"कुठे कललेला? डावीकडे की उजवीकडे?"

तिच्या हातातला निखारा आधी इकडे कलला, मग तिकडे.

"खोल किती? नख बुडेल एवढा, की बोटाचं टोक?"

"मला आठवत नाही, गुरुजी! मी बारा वर्षांची होते! मी कधी हात लावून बघितलंच नाही!"

"आणि आईला?"

उदबत्तीची राख लाकडावर पडली. शिष्येने हात मागे घेतला.

गुरूंनी ती राख आपल्या बोटाने टिपली. मग म्हणाले, "सात वर्षं तिनं स्वतःच्या हातानं तिथे उदबत्ती खोचली. तो खळगा तिच्या बोटांना तोंडपाठ आहे. तू कितीही निगुतीनं केलास तरी तो तसा होणार नाही. पोरी, तुझा डाग तिला फसवणार नाही. तो तिच्या बोटांना खोटं पाडेल. तिला वाटेल, मीच विसरले माझ्या मुलाची खूण. आणि तिच्यापाशी आता बोटांशिवाय उरलंय काय?"

शेजारच्या दुकानात कुणीतरी तंबोऱ्याची एक तार पुन्हा पुन्हा लावून बघत होते, आणि ती लागत नव्हती.

"मग मी तिला काय सांगू?"

"जे वाचलंस ते. त्याच्यापुढचं नाही, त्याच्या अलीकडचंही नाही. त्यात सुख नाही, हे मलाही कळतं." आणि त्यांनी गिटार फडक्याने पुसून बाजूला ठेवली.

शिष्या घरी गेली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. आई भिंतीला टेकून बसली होती. शिष्येने पाटी तिच्या तळहातावर ठेवली.

आईची बोटे फिरू लागली. नवावर थांबली. तिनावर. मग भरभर फिरली आणि पुन्हा पहिल्यापासून फिरली. तिचा चेहरा उजळला. तो उजेड शिष्येने डोळे भरून पाहिला, कारण पुढे काय येणार ते तिला ठाऊक होते.

"आणि बाकीची?" आईने विचारले.

"बाकीची नाही, आई."

"म्हणजे?"

"एका दुसऱ्याच गिटारच्या पाठीवर ही लावलेली होती. त्याची गिटार मोडली गं कुणीतरी."

आईने पाटी मुठीत धरली. चार कोपऱ्यांची चार भोके ती अंगठ्याने चाचपत राहिली. "कधी?"

"ते कळत नाही. या पाठीवर पाटी चढली ती त्र्याहत्तरच्या आधी नाही. एवढंच."

"म्हणजे त्र्याहत्तरपर्यंत तो होता?"

किती सोपे होते हो म्हणणे! शिष्येच्या ओठांपर्यंत ते आले होते. "ते पाटी सांगत नाही, आई."

आई रडली नाही. बऱ्याच वेळाने तिने विचारले, "डाग बघितलास? माझा, उदबत्तीचा?"

"नव्हता. म्हणून तर कळलं, की ही आपली नाही."

"हं," आई म्हणाली. "डावीकडे कललेला होता. मी डावखुरी ना. उदबत्ती नेहमी डावीकडेच झुकायची." तिने हवेत बोट धरून तो कल दाखवला. अगदी अचूक असावा. मग पाटी लेकीच्या हातात देऊन ती म्हणाली, "देवापाशी ठेव. आणि दिवा लाव, बाई."

शिष्येने दिवा लावला. पाटी कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली. आईने हात जोडले, शुभंकरोती म्हटली. नंतर रोजच्या आकड्याची वेळ आली. शिष्या वाट पाहत राहिली. आईचे ओठ हलले, थांबले.

बावीस वर्षे जे नाव त्या घरात कुणी उच्चारले नव्हते, ते आईने घेतले.

"जयवंता," ती म्हणाली, "दिवा लागला रे."

बाहेर कुणी आले नाही. दिव्याची वात सरळ जळत होती. शिष्येने आईच्या मांडीवर डोके ठेवले, आणि आईचा डावा हात तिच्या केसांतून फिरत राहिला, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक नवी गिटार आली. शिष्येने ती पुढून उचलली, माथ्यावरून, मानेवरून सावकाश बोटे फिरवली, आणि बराच वेळ ती उलटी केली नाही. गुरूंनी ते पाहिले आणि काही म्हटले नाही.

आपलीही अनेक व्रते अशीच असतात. ज्यासाठी धरावीत ते दारी येत नाही, आणि उद्यापन रित्या हातांनीच करावे लागते. तेव्हा आकड्यांना घट्ट धरू नये. आपल्या हाताने जी खूण उमटली होती, तिचा कल तेवढा विसरू नये.